नावाचं कडवं

मरोळच्या आमच्या गाळ्यात दर्शना पहिल्यांदा आली ती कोंबडी व्हायला. लहान मुलांच्या एका कार्टूनचं मराठी डबिंग माझ्याकडे चाललं होतं आणि त्यातल्या भांडकुदळ, पण पिल्लांवर जीव टाकणाऱ्या कोंबडीला काही केल्या आवाज मिळत नव्हता. आधी येऊन गेलेल्या बायका नाटकाचं शिक्षण घेतलेल्या. त्या कोंबडीची भूमिका समजून घ्यायला बघायच्या. दर्शनाने चपला दाराबाहेर काढल्या, कानातले डूल काढून माझ्या टेबलावर ठेवले, पडद्यावर कोंबडी एकदाच बघितली आणि म्हणाली, "ही तर आमच्या वाडीतली शेवंताकाकी. दे ताई, माइक दे." आणि आत जाऊन तिने असा कलकलाट केला की काचेच्या अलीकडे मी खुर्चीतल्या खुर्चीत दचकले.

आमचा स्टुडिओ म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात, शेजारी बाटल्यांची बुचं. भिंतींना मी जाड फोम ठोकून घेतलाय आणि दारावर लाल दिवा लावलाय. दिवा लागला की आत रेकॉर्डिंग चालू, मग मंत्री आला तरी त्याने दार ढकलायचं नाही. मालिकांचं डबिंग, जाहिराती, हल्ली पॉडकास्ट. माणसं येतात, आवाज ठेवून जातात, चेहरे माझ्या फारसे लक्षात राहत नाहीत. दर्शना राहिली. ती हल्ली कुठे असते ते मला ठाऊक नाही. कुणी सांगतं दुबईला एका हॉटेलात गाते, कुणी सांगतं गाणंच सोडलं. तिचा नंबर लावला तर तो अस्तित्वात नाही असं एक बाई फार गोड आवाजात सांगते. तो आवाजही कुणीतरी कुठल्यातरी गाळ्यात बसूनच दिला असणार.

कोंबडी तिच्या पोटासाठी होती. एरवी ती रॅप करायची आणि स्टेजवर तिचं नाव होतं 'शिमगा'. हे तिने मला असं सांगितलं, जसं एखादी सांगते की मी भिशी चालवते. मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मांडीच्या मध्यावर संपणारी चकचकीत चड्डी, वर खणाचं पोलकं, पायात घुंगरांचे जाडजूड चाळ. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"पाय दिसले ना? बघून झाले? आता ऐक," ती म्हणाली.

ऐकलं, आणि आवाजाच्या धंद्यातली बाई म्हणून सांगते, असा शब्द टाकणारी मी फार कमी माणसं ऐकली आहेत. एकही अक्षर खाल्लेलं नाही, श्वास कुठे घेतला ते कळत नाही, आणि बोलतेय तुमच्याशीच, समोर उभं राहून. विषय मात्र असे की मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ते हेडफोन लावूनच ऐकले असते.

"पण असलं कसलं नाव? शिमगा?"

"ताई, आमच्या गावी शिमग्याला सगळे पुरुष होळीभोवती उभे राहतात नि तोंडाला येईल ते बोंबलतात. नावं घेऊन. देवासमोर! आई खिडकी लावून घ्यायची आणि बाबा घरी आले की त्यांना गरम पाणी द्यायची, घसा बसला म्हणून. मी म्हटलं, आपण बाराही महिने बोंबलायचं. मग?"

हे 'मग?' तिचं पालुपद. चहा गार झाला, मग? घरमालकीण बोलली, मग? दुनिया तुला काय म्हणेल, मग? ते विचारताना ती हनुवटी अशी काही वर करायची की समोरच्याकडे पुढचं वाक्यच उरायचं नाही. बाकी सवयी साध्या. चहा कोरा, साखर जास्त. टेक घ्यायच्या आधी उजवी टाच जमिनीवर एकदा आपटायची आणि "हां बुवा!" म्हणायचं. कोंबडीच्या संवादाआधीसुद्धा. मी ते दरवेळी कापून टाकायचे.

ते बुवा म्हणजे तिचे वडील, वासुदेव बुवा. गिरणी बंद पडल्यावर कांदिवलीच्या एका सोसायटीत वॉचमन झाले, पण खरे ते शाहीर. रत्नागिरीकडच्या गावांतली मुंबईकर माणसं शक्ती-तुऱ्याचे सामने लावतात. दोन शाहीर, दोन पार्ट्या, ढोलकी, मागे ओळ उचलून झील धरणारे साथीदार, आणि एकमेकांना पदांतून असे टोमणे की ऐकणाऱ्याचे कान तापावेत. पण हॉल बायकापोरांसकट भरलेला, पुढच्या रांगेत आज्या बसलेल्या. बुवांचं त्यात नाव होतं. पायातले चाळ बुवांचेच, जुने झाले म्हणून हिने मागून घेतलेले. बुवांनी तिला शिकवलं मात्र कधीच नाही, मंडळात पोरींना उभं करत नाहीत म्हणून. ते दाढी करताना पद घोळवायचे आणि ही मोरीत भांडी विसळताना पाठ करायची.

एकदा बुवा आमच्या गाळ्यात आले होते. लेक कुठे काम करते ते बघायला, असं म्हणाले. वॉचमनची खाकी पँट, वर पांढरा सदरा, हातात पिशवीतून आणलेले दोन नारळ. बूथमध्ये उभे राहिले, एक टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकलं.

"आवाज मरतो गो इथं," मला म्हणाले. "परत येत नाय."

मी म्हटलं, बुवा, आलाच आहात तर एक पद होऊ द्या. आधी नाही-हो झालं, मग पोरीकडे एकदा बघून त्यांनी गवळण लावली. पुरुष गातो, पण शब्द बाईचे, तशी गवळण:

अंथरूण माझं, उशी माझी, दिवा माझ्या हाती,
यायचं तर ये पाय धुऊन, अंगाला नको माती.
भूक मलाही लागते रे, मी काय दगडाची?
पोट भरलं की ऊठ नि धर तू वाट तुझ्या घराची.

अशी चार-पाच कडवी, एकाहून एक. दर्शना काचेपलीकडे त्यांच्या मागे झील धरून उभी होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मी तो तसा पुन्हा पाहिला नाही. शेवटचं कडवं आलं:

वासुदेव म्हणे, बोलली राधा, ऐकून लाजला हरी,
ज्याचं त्याला ठाऊक बाई, कोण कुणाच्या घरी.

"बुवा, हे बायकांसमोर म्हणता?" मी विचारलं.

बुवा गालात हसले. "बायकाच जास्त हसतात. आणि शेवटाला हरी आला ना? मग काय उरतं?"

मग मला समजावून सांगितलं. शेवटचं ते नावाचं कडवं. शाहिराने आपलं नाव घेतल्याशिवाय पद सोडायचं नाही. नाव नसलं तर पद बेवारशी, कुणीही उचलावं. हे सांगताना त्यांचा आवाज एकदम सोसायटीचं गेट सांभाळणाऱ्याचा झाला.

दर्शनाची चूक झाली ती इथेच. म्युझिक कंपनीने तिला गाणं मागितलं तेव्हा तिने ही गवळण उचलली, शब्दाला शब्द, फक्त खाली बीट नवा. तिला वडिलांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. कंपनीतल्या मुलाने ऐकून सांगितलं, झकास आहे, पण लांब होतंय, आणि हा वासुदेव कोण? शेवटचं कडवं उडव. हिने उडवलं. हिच्या मनात एवढंच, की बुवांची गवळण आपल्या माणसांत कोण ओळखणार नाही? मंडळवाले ऐकतील, हसतील, म्हणतील बापाचं पद लेकीने गाजवलं. दोघांना एकाच स्टेजवर बोलावून शाल घालतील. ही शाल तिच्या डोक्यात पक्की बसली होती. मला म्हणायची, "ताई, त्या दिवशी मी साडी नेसणार. बघच तू."

गाणं आलं, 'पाय धुऊन ये'. दोन आठवड्यांत ते रिक्षात, जिममध्ये, मुलींच्या हॉस्टेलात वाजायला लागलं. बुवांचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "बाय, माझं नाव का गो गाळलंस?" दर्शना माझ्या टेबलाशी बसून लहान मुलीसारखी रडली. म्हणाली, पुढच्या गाण्यात टाकीन, व्हिडिओखाली लिहीन, सगळ्यांना सांगीन. पण ती सांगायच्या आत दुसराच शिमगा सुरू झाला होता.

नाव गेलं, त्याबरोबर हरीही गेला. उरली ती उघड्या पायांची एक बाई, जी म्हणते, मला भूक लागते आणि पोट भरलं की तू चालू लाग. लोकांना ते सोसेना. मोबाइलवर जे मेसेज यायचे ते मी इथे लिहू शकत नाही. दर्शना ते मला वाचून दाखवायची, कोंबडीच्या आवाजात. "रां... काँक काँक काँक... तुझ्या आईला..." मी हसून हसून डोळे पुसायचे आणि मग लक्षात यायचं की ती हसत नाहीये. बोरिवलीच्या एका गणपती मंडळाने ठरलेला कार्यक्रम रद्द केला, फॅमिली ऑडियन्स आहे म्हणून. आणि त्याच मंडळातल्या एकाने तिला खासगीत विचारलं, एकटी भेटशील का? घरमालकिणीने खोली सोडायला सांगितली, जिचा मुलगा तेच गाणं बाथरूममध्ये म्हणायचा. तिच्याच कंपनीतला एक रॅपर होता, त्याच्या प्रत्येक गाण्यात नवी मुलगी नि तिच्या अंगाचं साग्रसंगीत वर्णन. त्याचं गाणं आमच्या सोसायटीच्या हळदीत वाजलं आणि साठीच्या बायका त्यावर नाचल्या. मीही टाळ्या वाजवल्या असतील.

मग गावाच्या मुंबई मंडळाने बुवांना बोलावलं. घाटकोपरला शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग होती. दर्शनाची आई दाराशी बसली होती, तिनेच सगळं हिला सांगितलं. मंडळाच्या सेक्रेटरींनी गाण्याचे शब्द मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवले. अंथरूण माझं, उशी माझी. याच शब्दांवर कधीकाळी या सेक्रेटरींनीच बुवांच्या खांद्यावर शाल घातली होती. बुवांचा ढोलकीवाला पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. एकालाही पद ओळखू आलं नाही. मला विचाराल तर एकूण एकाला आलं. सेक्रेटरी म्हणाले, मुलीशी संबंध नाही असं नारळावर हात ठेवून देवासमोर सांगा, नाहीतर यंदा शिमग्याला पालखी तुमच्या दारात टेकणार नाही.

ज्यांच्याकडे हे नसतं त्यांना यातलं काही कळायचं नाही. मलाही दर्शनाने सांगितलं तेव्हा कळलं. वर्षभर कुणाच्या तरी गेटवर उभा राहणारा माणूस त्या एका दिवसासाठी गावी जातो, कारण त्या दिवशी देव चालत त्याच्या अंगणात येतो. ज्याच्या दारावरून पालखी पुढे जाते त्याला मग लग्नाचं बोलावणं येत नाही, त्याच्या मयताला खांदा द्यायला माणूस येत नाही. त्या हॉलमध्ये बुवांनी उभं राहून एक वाक्य म्हणायचं होतं, हे पद माझं आहे. बुवा उभे राहिले, हात जोडले आणि खाली बसले.

"बोलतील गं," दर्शना म्हणाली. "बुवा आहेत ते. सामन्यात कधी गप्प बसलेत का? समोरच्याला आधी सगळं बोलू देतात नि मग एका पदात झोपवतात. शिमग्याला वेळ आहे अजून."

ती वाट बघायला लागली. रोज. बूथमध्ये जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो, तर काचेतून तिची नजर त्या फोनवर. कोंबडी पिल्लांना हाका मारायची आणि डोळे टेबलावर.

याच दिवसांत ऋत्विक नावाचा मुलगा माझ्याकडे पॉडकास्ट रेकॉर्ड करायचा. त्याने तिला बोलावलं. मुलगा वाईट नव्हता, मऊ आवाजाचा होता आणि प्रश्न मोबाइलवर लिहून आणायचा.

"दर्शना, लोक म्हणतात तुझ्या गाण्यांमुळे लहान मुलींवर वाईट परिणाम होतो."

"तुझ्या मागच्या एपिसोडला कोण आला होता रे?" तिने विचारलं. आला होता तोच, दर गाण्यात नवी मुलगीवाला रॅपर. "त्याला विचारलंस का, लहान मुलग्यांवर काय परिणाम होतो?"

"त्याला मी... त्याच्या स्ट्रगलबद्दल विचारलं."

"बघ. त्याला स्ट्रगल, मला संस्कार."

ऋत्विक हसला आणि पुढच्या प्रश्नावर गेला. "पण गाण्यातली ती बाई तूच आहेस का?"

"त्याने गाण्यात खून केला तर कुणी पोलिसांत जातं का? मी गाण्यात अंथरूण घातलं तर सगळे पत्ता विचारतात. यार, मी त्या गाण्यात काय मागितलंय? पाय धुऊन ये, एवढंच. स्वच्छतेचं गाणं आहे ते!" मग तिचा आवाज खाली आला. "बाईला नको असलं की ती चांगली. पुरुषाने जबरदस्ती केली तरी तिला विचारतात, तू काय घातलं होतंस. आणि तिला स्वतःला हवं असलं की मग ती कुणाचीच नाही. आई-बापाचीपण नाही."

"वडिलांना काय वाटतं?"

काचेतून मला दिसत होतं, तिने उजवी टाच उचलली, पण आपटली नाही. आणि मग ती बोलायला लागली. गाणं माझं नाही. मोरी, दाढी, बुवांची गवळण, पुढच्या रांगेतल्या आज्या, उडवलेलं नावाचं कडवं, सेक्रेटरींची शाल, पालखी. मी कितीतरी वर्षं लोकांचे आवाज ऐकतेय, पण त्या दिवशी आवाजाची पातळी बघायचीच विसरले. शेवटी ती म्हणाली, "हॉलभर लोक याच शब्दांवर हसले, तेव्हा ते पुरुषाने म्हटलं होतं ना. मी एक अक्षर बदललेलं नाही. विचारा बुवांना."

ऋत्विकने हेडफोन काढले, तो जवळजवळ नाचायच्या बेतात होता. दर्शना उठून बाहेर जिन्याजवळ गेली. कोरा चहा घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता.

"ताई, शेवटचं काढून टाक."

"अगं वेडी आहेस का?" ऋत्विक ओरडला. "सगळा खेळ पालटेल तुझा!"

"माझा पालटेल. त्यांचं काय? हे बाहेर आलं तर मंडळ म्हणेल बापलेकीने मिळून देवाच्या गवळणीचा बाजार मांडला. पालखी गेली मग."

"पण खरं आहे ना ते?" मी म्हटलं. मला राग आला होता, तिचा नव्हे, त्या हात जोडून खाली बसलेल्या माणसाचा.

"खरं आहे गं. पण ते त्यांनी म्हणायला पाहिजे. मी त्यांच्या तोंडातून ओढून काढलं तर काय उपयोग?"

ती परत बूथमध्ये गेली. मला म्हणाली, शेवटचा प्रश्न पुन्हा घे. ऋत्विकने पडेल चेहऱ्याने विचारलं, वडिलांना काय वाटतं? या वेळी टाच जमिनीवर नीट आपटली. "वडिलांना यातलं काही माहीत नाही. ते देवमाणूस आहेत. गाणं माझं, शब्द माझे. घाण म्हणायची तर तीही माझीच." एका टेकमध्ये. कोंबडीसुद्धा कधी इतकी सफाईने झाली नव्हती. पहिल्या उत्तराबद्दल मी ऋत्विकला सांगितलं की त्या भागात खरखर आलीय, वापरता येणार नाही. हेडफोन त्याच्याही कानांवर होते. तरी त्याने मान डोलावली.

तो भाग लोकांनी ऐकला आणि वाट लागली. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हणाले. कुणीतरी शोधून काढलं की मुलांच्या कार्टूनमधली कोंबडी हीच. जी पोरं तिचा आवाज ऐकल्याशिवाय वरणभात गिळत नव्हती, त्यांच्या आयांनी तक्रारी केल्या. चॅनेलवरून मला फोन आला, आवाज बदला. मी भांडले. आवाजाला कुठे चड्डी असते, असंही म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसरी बाई पाठवली. ती कोंबडीची भूमिका समजून घेणारी होती.

दर्शनाला मीच सांगितलं. मी 'मग?'ची वाट बघत होते. तिने डूल हातात घेतले, कानात घालायला गेली, पुन्हा टेबलावर ठेवले. "पिल्लांना काय सांगितलंत?" म्हणाली. "आई कुठे गेली म्हणून?" आणि हसायचा प्रयत्न केला. त्यानंतर मेसेज ती साध्या आवाजात वाचायला लागली. ते ऐकवत नसे. मी म्हणायचे, बंद कर गं, आणि ती म्हणायची, बुवांचा आला तर?

शिमगा आला. बुवा गावी गेले. देवळात नारळावर हात ठेवून त्यांनी सांगितलं की मला मुलगी नाही. हे तिला आईने फोनवर कुजबुजून कळवलं. त्या दिवशी दर्शना नुसती येऊन कोपऱ्यात बसली. मी तिला चहा दिला, तो तसाच राहिला. मी माझं काम करत राहिले.

आणि मग ती दुपार, तिची माझ्याकडची शेवटची. आईने तिला गुपचूप एक व्हिडिओ पाठवला होता. तो तिने एकटीने बघितला नव्हता. म्हणाली, "ताई, मोठ्या स्पीकरवर लाव."

सारवलेलं अंगण. मध्ये पालखी टेकलेली, गुलाल, ढोल. बुवा पालखीसमोर नवं धोतर नेसून उभे, अंग एकदम बारीक झालेलं. सेक्रेटरी त्यांच्या खांद्यावर हात टाकून ओरडत होते, "बुवा, गवळण होऊ द्या! ती जुनी! पाय धुऊनवाली!"

म्हणजे ओळखलं होतं. मी टेबलावर मूठ आपटली. दर्शना हलली नाही.

बुवांनी पालखीला हात जोडले. मग त्यांनी लावली. अंथरूण माझं, उशी माझी. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, पुरुष टाळ्या देत होते, कडेवरची पोरं नाचत होती. ज्या शब्दांवरून देवासमोर लेक तोडली, ते शब्द त्याच देवासमोर, आणि कुणाला काही वाटत नव्हतं. बुवांचा आवाज थकला होता पण शब्द तसाच, सोललेला. चौथं कडवं झालं, पाचवं झालं. ढोलकीवाल्याने उठाव दिला. झीलवाले तोंड उघडून उभे राहिले, आता नावाचं कडवं.

बुवांनी हात वर केला आणि थांबले.

ढोलकी अडखळून बंद पडली. कुणीतरी म्हणालं, "बुवा, नाव राहिलं!"

बुवांनी उपरण्याने तोंड पुसलं. "नाव नाय त्याला," म्हणाले. व्हिडिओ तिथे संपला.

गाळ्यात खालच्या खोक्यांच्या मशीनचा आवाज तेवढा येत होता. दर्शना माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज अगदी लहान मुलीचा.

"ताई, नावाशिवाय बुवा पद सोडत नाहीत. जन्मात नाही सोडलं." मग म्हणाली, "हे त्यांनी मला दिलं, की टाकून दिलं?"

मला काय ठाऊक? मी म्हटलं, फोन लाव, विचार. तिने लावला. रिंग वाजली, बराच वेळ वाजली आणि कापली गेली. पुन्हा लावला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा फोन बंद होता. तिची हनुवटी वर होईल, आता ती 'मग?' म्हणेल, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिने फोन उचलला, बूथमध्ये गेली, दार ओढून घेतलं आणि जमिनीवर फतकल मारून बसली. व्हिडिओ पहिल्यापासून लावला. बुवा गायला लागले तशी ती त्यांच्या मागे झील धरायला लागली, त्या दिवशी काचेपलीकडे उभी राहून धरली होती तशी. ढोलकी उठाव द्यायची, बुवा थांबायचे, ही थांबायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

बाहेर मालिकेचं डबिंग करणारे लोक येऊन उभे होते, त्यांची वेळ झाली होती. एकाने दार वाजवलं. मी उठले आणि लाल दिवा लावला.

"आत रेकॉर्डिंग चालू आहे," मी म्हटलं. "थांबा जरा."